पात्र नेमकं कुठे वळतं? तुमचे अनुभव लिहा

आमच्या कोथरूडच्या वाचनकट्ट्यावर परवा चांगलीच जुंपली. एका काकांचं म्हणणं, जुन्या थोर कादंबऱ्या-नाटकांतली माणसं एका क्षणात बदलतात, साक्षात्कार झाला की काम झालं. बाकीचे म्हणाले, छे, बदलण्याआधी ती जी चालढकल करतात तीच तर वाचण्यासारखी असते. चहा गार झाला, निकाल लागला नाही. म्हणून हा धागा. ज्याची ओढाताण तुम्हाला स्वतःच्या जगण्यात कुठेतरी भेटली, अशा पात्राबद्दल लिहा. कथानकाचा सारांश नको, तो गाइडात मिळतो. 'मानवी मनाचे कंगोरे' लिहिणाऱ्याकडे पुढच्या बैठकीचा चहा.

सिंहगड रोडवाला

'ले मिझराब्ल' कादंबरीचा विषय निघाला की सगळे बिशपच्या चांदीच्या शमादानांपाशी थांबतात. बिशपने चोराला पोलिसांपुढे वाचवलं, चोर सुधारला, संपलं. व्हिक्टर ह्यूगो इतका भाबडा नव्हता. बिशपकडून निघालेला ज्याँ व्हालज्याँ थोड्याच वेळात एका पोराचं चाळीस सूचं नाणं बुटाखाली दाबून उभा राहतो. पोरगं रडतं, हा पाय हलवत नाही.

पण माझं पान पुढचं आहे. नाव बदलून तो एका गावाचा महापौर झालाय आणि भलत्याच माणसाला व्हालज्याँ समजून आरासच्या कोर्टात उभं केलंय. गप्प बसलं की हा कायमचा सुटला. रात्रभर तळमळून तो घोडागाडीने निघतो आणि वाटेत चाक निकामी होतं. कारागीर म्हणतो, आज काही होणार नाही. आणि गड्याला चक्क आनंद होतो! आपण निघालो होतो, दैवानेच अडवलं, आपला काय दोष? तेवढ्यात एक पोरगा एका म्हातारीला घेऊन येतो. तिच्याकडे जुनी गाडी असते. झालं, जावं लागणार.

आमच्या ऑफिसात (कुठलं ते विचारू नका) एका कारकुनाच्या गळ्यात वरच्यांचा घोळ अडकवला होता. कागद माझ्या टेबलावरून गेलेले, त्यामुळे चौकशीत साक्ष माझी. त्या सकाळी राजाराम पुलाशी गाड्या अशा तुंबल्या की लोक इंजिनं बंद करून खाली उतरले. मी सारखा घड्याळ बघत होतो आणि आतून खूश होतो. मग शेजारच्या रिक्षावाल्याने हाक मारली, "साहेब, इकडनं घाला, बाहेर निघाल." त्याला मी मनात घातलेली शिवी इथे लिहिता येणार नाही. साक्ष दिली. कारकून सुटला. साहेब अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

शाळामास्तरीण

माझा दुष्यंत. शाळेत संस्कृत शिकवते, त्यामुळे दरवर्षी तोच प्रश्न येतो: बाई, शाप होता म्हणून राजा विसरला, मग त्याची काय चूक?

महाभारतातला दुष्यंत काही विसरलेला नसतो. सगळं आठवत असताना भर दरबारात तो शकुंतलेला ओळख देत नाही. आकाशवाणी झाल्यावर कबूल करतो आणि वर सांगतो की लोकांना संशय राहू नये म्हणून असं केलं. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणि अंगठी आणून नायकाला वाचवलं, असं आम्हीही शिकलो. पण पाचव्या अंकाची सुरुवात बघा. शकुंतला अजून दरबारात आलेलीही नाही. आतून हंसपदिका राणीचं गाणं ऐकू येतं, आंब्याच्या मोहराला विसरून कमळात रमलेल्या भुंग्याला टोमणा मारणारं. राजा विदूषकाला सांगतो, हिच्यावर एकदा प्रेम केलं होतं, म्हणून हा टोमणा. मग हिला विसरायला कुठल्या ऋषीचा शाप लागला होता? वर्गात हे विचारलं तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, म्हणजे सवयच होती त्याला." सगळी टीकापुस्तकं एकीकडे आणि हे एकीकडे.

जाता जाता: अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आपल्या पुण्यातच, आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल' केलं तेव्हा पहिले चारच अंक झाले होते. त्या रात्री घरी गेलेल्या प्रेक्षकांचा दुष्यंत अगदी निष्कलंक होता!

विंगेतला

कॉलेजात 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला चोर, शर्विलक, केला होता. चारुदत्ताच्या घराला भोक पाडायचंय, मापाची दोरी विसरलाय, तर जानव्याने भिंत मोजतो. वर विचार करतो की भोक कमळाच्या आकाराचं पाडू का चंद्रकोरीच्या, उद्या लोकांनी कौतुक केलं पाहिजे. दिग्दर्शक सारखा म्हणायचा, अरे अपराधी वाटू दे चेहऱ्यावर. मी म्हणायचो, कुठून वाटू देऊ, संहितेत त्याला स्वतःच्या हुनराचा माज आहे. पुढे त्याची प्रेयसी मदनिका त्याला दागिने परत करायला लावते, तिची मालकीण वसंतसेना तिलाच मोकळी करून त्याच्या हाती देते, आणि त्याच क्षणी मित्र आर्यक कैदेत पडल्याचं कळतं. नवी बायको सोडून हा मित्राला सोडवायला पळतो. रडारड नाही, छाती पिटणं नाही. माणूस वळला, आणि त्यालाच पत्ता नाही. काकांना सांगा, साक्षात्काराशिवायही चालतं.

नाव नको

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आईच्या कपाटात होतं. आमच्या घरात त्यातला दारुडा सुधाकर होता, म्हणजे वडील. त्यामुळे त्याची बायको सिंधू वाचून मला कधी भरून आलं नाही, चीड आली. नवऱ्याच्या माराने मरायला टेकलेली बाई फौजदाराला सांगते की मी पडले. आमची आई शेजारणींना न्हाणीघरातल्या शेवाळाची गोष्ट सांगायची. शेवाळ नव्हतंच. न्हाणी रोज घासायची ती.

गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांची सिंधू, तळीरामाची वाक्यं, सगळ्यांना हेच आठवतं. भगीरथ कुणाला आठवतो? प्रेमभंगाने दारूला लागलेला, तळीरामाच्या मंडळींत बसणारा. सुधाकराचा मित्र रामलाल, त्याच्यामुळे सुटतो तो, आणि सुटलेला राहतो. दारूवरच्या आपल्या सगळ्यात गाजलेल्या नाटकात एक माणूस दारू सोडतो आणि प्रेक्षक त्याला विसरतात. आणि खुद्द रामलाल! जिला मुलीसारखं मानलं त्या शरदबद्दलच, सुधाकराच्या बहिणीबद्दलच, मनात भलतं येतंय हे त्याला कळतं, भगीरथाचा मत्सर वाटू लागतो, आणि मग तो मागे हटतो. थेंबही न पिणाऱ्याची ही झुंज मला सुधाकराच्या भाषणांपेक्षा खरी वाटते.

वडील उशिरा सुटले. साक्षात्कार बिक्षात्कार काही नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर रोज संध्याकाळी गुत्त्याच्या वेळेला आई, ते आणि मी पाच-तीन-दोन खेळायचो. आई मुद्दाम हरायची, वडिलांना ते कळायचं, तरी ते पुढचा डाव वाटायचे.

फुटनोट

न बदलणाऱ्यांचं काय? कर्ण. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं सत्य सांगतो, राज्य देऊ करतो. हा म्हणतो, युधिष्ठिराला यातलं काही सांगू नकोस. त्याला कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. आपला पक्ष हरणार हेही त्याला माहीत आहे. धंद्यात भागीदाराशी निष्ठा ठेवून बुडालेले माझे काका मला इथे दिसतात. त्यांना कुणी मूर्ख म्हटलं की माझं डोकं फिरतं.

शाळामास्तरीण

फुटनोट, काकांबद्दल आदर आहे. पण द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा तोच ना? मैत्रीच्या पांघरुणाखाली ते नका झाकू.

फुटनोट

झाकत नाही. कृष्णाशी त्याच बोलण्यात तो स्वतः म्हणतो की दुर्योधनाला खूश करायला पांडवांना जे कडू बोललो त्याचा आता मला ताप होतो. ताप होतो, आणि तरी युद्धात उभा राहतो तो त्याच बाजूला. विंगेतल्याचा शर्विलक पश्चात्तापाशिवाय वळला, माझा कर्ण पश्चात्ताप होऊनही वळला नाही. आता काकांना विचारा, यातला बदलला कोण?