चकती नाही, तारा तरी बघा

बीटा पिक्टोरिस या ताऱ्याभोवती धुळीची चकती आहे. 'ती बघायची तर चिलीच गाठावी लागेल' असं कुणी म्हणालं, तर ते चकतीपुरतं खरं. बीटा पिक्टोरिसची चकती १९८४ साली तिथल्याच दुर्बिणीतून, ताऱ्याचा झगमगाट आडोशाने झाकल्यावर दिसली. सुगावा मात्र त्याआधीच 'आयरास' उपग्रहाला लागला होता: ताऱ्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त प्रारण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) येत होतं, ते तापलेल्या धुळीचं.

पण तो तारा खानदेशातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो की! जळगाव शहरातल्या उजेडात नाद सोडा. सातपुड्याच्या उतारावर, दक्षिण मोकळी असेल तिथे, जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमारास उभं राहा. आधी अगस्त्य हा दक्षिणेचा ठळक तारा शोधा, मग हात लांब करून त्याच्या उजवीकडे तीन-चार बोटं, किंचित वर. क्षितिजापासून जेमतेम १८ अंश, त्यामुळे तापीकाठी धुकं असेल तर खेप फुकट.