विषय: नर्स प्रॅक्टिशनर – एफएनपी की ॲक्यूट केअर?

प्रेषक: म. (प्लेनो, टेक्सास)

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये मध्येच विचारतेय, माफ करा. बीएससी नर्सिंग नाशिकचं, इथे एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) देऊन आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स झाले, सध्या आयसीयूत रात्रपाळी. आता एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स) करून नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषध लिहिणारी नर्स व्हायचंय. जो तो म्हणतो एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) कर, नोकऱ्या ढीगभर. पण माझा जीव आयसीयूत. नोकरी आणि दोन मुलं सांभाळून करायचं, म्हणजे ऑनलाइनच. कुणी केलंय का?

प्रेषक: काका (अर्व्हिंग)

अगं, करायचंच तर भूल देणाऱ्या नर्सचं कर. पगार ऐकलास तर चक्कर येईल.

प्रेषक: स. (ह्यूस्टन)

काका, पगाराचं खरंय, पण तिथे आता एमएसएन चालत नाही. 2022 पासून त्या कोर्सला प्रवेश थेट डॉक्टरेटलाच. तीन वर्षं पूर्णवेळ, आणि तोवर नोकरी जवळपास विसरायची. हिच्या घरी ते कसं जमणार?

म., एफएनपी म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे, पण क्लिनिकमधले: बीपी, शुगर, लसी, खोकला. व्हेंटिलेटरवरचा पेशंट त्या शिक्षणात येत नाही. एफएनपी घेऊन आयसीयूत काम करणारे आहेत, पण सर्टिफिकेट कशाचं हे हॉस्पिटलं बघतात. मागून बदलायचं तर मास्टर्सनंतरचा आणखी एक कोर्स (पोस्ट-मास्टर्स), म्हणजे पुन्हा क्लिनिकल (पेशंटबरोबरचं प्रत्यक्ष शिक्षण), पुन्हा परीक्षा. तू सरळ ॲडल्ट-जेरोंटॉलॉजी ॲक्यूट केअर (गंभीर आजारी प्रौढ आणि वृद्ध) घे. त्यात लहान मुलं नाहीत, एवढं ध्यानात ठेव.

ऑनलाइनची खरी मेख क्लिनिकलमध्ये आहे. थिअरी मुलं झोपल्यावर उरकते. पण थेट पेशंटबरोबरचे किमान 750 तास हवेत (2022 चे राष्ट्रीय निकष), आणि ते ज्याच्या हाताखाली करायचे तो प्रिसेप्टर बरीच कॉलेजं आपल्यालाच शोधायला लावतात. माझ्या कॉलेजने तेच केलं. मंडळाच्या दिवाळीत हातात चकलीची प्लेट घेऊन मी दिसेल त्या डॉक्टरला गाठत होते. सगळे गोड हसायचे आणि म्हणायचे, "ऑफिस मॅनेजरला मेल टाक ना." त्या मॅनेजरबाईंचं उत्तर कधी येत नाही!

तेव्हा फी भरण्याआधी लेखी विचार: प्रिसेप्टर कोण देणार? टेक्सासमध्ये राहून क्लिनिकल करता येईल का? नर्सिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या सीसीएनई, एसीईएनसारख्या संस्थेची मान्यता आहे ना? नसेल तर पुढे सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसताना अडेल.

आणि टेक्सासचं एक. पदवी, लायसन्स सगळं हातात आलं तरी इथे औषध लिहायला डॉक्टरशी करार लागतोच. शेजारच्या न्यू मेक्सिकोत लागत नाही. मॉर्फीन, फेंटानिलसारखी कडक वेदनाशामकं आपल्याला हॉस्पिटलात नाहीतर हॉस्पिसमध्येच (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची सेवा) लिहिता येतात. तुला आयसीयूतच राहायचंय, म्हणून तुझं फारसं अडणार नाही. क्लिनिक थाटायची स्वप्नं असतील तर मात्र आधी नकाशा बघ.

प्रेषक: म. (प्लेनो)

ताई, खूप आभार. मनात होतं त्या कॉलेजला लगेच विचारलं. म्हणतात, "प्रिसेप्टर शोधताना आमची टीम तुम्हाला मार्गदर्शन करेल."

प्रेषक: स. (ह्यूस्टन)

म्हणजे शोधायचा तूच. दुसरं कॉलेज बघ. आणि नाशिकहून ट्रान्स्क्रिप्ट आत्ताच मागव. एनक्लेक्सच्या वेळी पदवीचं मूल्यमापन झालेलं असलं तरी कॉलेज नव्याने मागू शकतं, आणि ती विद्यापीठाकडून परस्पर यावी लागते. माहेरचं कुणी तिथे खेपा घालू शकेल का?