पॅलिओ यादीतच नाही, आणि पोलो दयेपोटी दहावी?

शहापूरकर_१६००
काल टिळकवाडी_टर्बोनं 'जगातल्या सर्वांत भारी दहा हॉट हॅच' अशी यादी टाकली. हॉट हॅच म्हणजे छोट्या घरगुती हॅचबॅकचीच दमदार इंजिनाची आवृत्ती. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी क्रम देतो: गोल्फ जीटीआय, प्यूजो २०५ जीटीआय, लान्सिया डेल्टा इंटेग्राले, मिनी कूपर एस, सिव्हिक टाइप आर, जीआर यारिस, रेनो ५ टर्बो, क्लिओ विल्यम्स, फोकस आरएस आणि दहावी, 'आपल्याकडची एक असावी म्हणून', पोलो जीटी टीएसआय.

या शेवटच्या ओळीनं माझं डोकं फिरलं. असावी म्हणून कशाला? लायकी असेल तर घाल, नसेल तर घालू नको.

माझं म्हणणं एकच आहे. ज्या गाडीतनं सकाळी पोरं शाळेत जातात, त्याच गाडीनं रविवारी जांबोटी-कणकुंबी करून चोर्ला घाट उतरताना अंगावर काटा यायला हवा. घर चालवणाऱ्या गाडीलाच दम दिलेला असावा आणि ती नोकरदार माणसाला परवडावी. पहिली गोल्फ जीटीआय त्यात चपखल बसते. काही इंजिनिअरांनी ती जवळपास चोरूनच उभी केली, १९७५ ला फ्रँकफर्टला दाखवली. १.६ लिटर, ११० हॉर्सपॉवर, वजन जेमतेम ८०० किलोच्या वर. कंपनीचा अंदाज होता ५,००० खपतील. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. पहिला नंबर तिचाच, वाद नाही.

पण रेनो ५ टर्बो? मागची सीट काढून तिथं इंजिन बसवलंय! ती हॅचबॅक कशी झाली? रॅलीच्या नियमात बसायला काढलेली शर्यतीची गाडी आहे ती. डेल्टा इंटेग्रालेचंही तेच.

आणि २००१ ला आपल्याकडे फियाटची पॅलिओ आली, पाठोपाठ तिच्यात १.६ सोळा व्हॉल्व्हचं १०० हॉर्सपॉवरचं इंजिन. त्या वेळी बाकीच्यांच्या छोट्या गाड्या ५०-६० वर चालत होत्या. हायड्रॉलिक स्टीअरिंग असं की टायरखालचा खडा हाताला कळायचा. माझी सेकंडहँड आहे, अजून आहे. भारतात साध्या माणसाला हॉट हॅच पहिल्यांदा कुणी दिली? पॅलिओनं. आणि ती यादीत नाही.

टिळकवाडी_टर्बो
दादा, यादी 'जगातल्या' गाड्यांची आहे, शहापूरच्या नाही. पॅलिओवरचं तुमचं प्रेम मला माहीत आहे, पण त्या इंजिनाला ओढायला टनापेक्षा जास्त वजन होतं. गाडी मुळात ब्राझीलमध्ये १९९६ ला स्वस्तातली म्हणून काढलेली. मोठं इंजिन टाकलं की हॉट हॅच होत नाही.

डेल्टाला तुम्ही शर्यतीची गाडी म्हणून बाहेर काढताय. १९८७ ते १९९२, ओळीनं सहा वर्षं कंपन्यांचं जागतिक रॅली विजेतेपद! आजवर कुठल्या एका मॉडेलला ते जमलं? आणि तिला पाच दारं होती, मागं माणसं बसत होती, डिकीत सामान जात होतं. तुमच्याच कसोटीवर ती पास होते. मिनीनं मॉन्टे कार्लो १९६४, ६५ आणि ६७ ला मारली. ६६ ला हेडलाइटच्या दिव्यांवरून बाद केली, नाहीतर चार झाले असते. दहा इंचांच्या चाकांवर हे सगळं. पॅलिओनं काय जिंकलं?

यातली २०५ मी चालवलेली नाही, मान्य. पण तुम्हीही गोल्फ चालवलेली नाही आणि तिला बिनविरोध पहिला नंबर दिलात.

उद्यमबाग_लेथ
दोघं बी कागदावर भांडताय. माझा जन्म लेथवर गेला, मला इंजिन कळतंय. पॅलिओचं १.६ चांगलंच होतं गा, चार सिलेंडरचं, खालनं ओढायचं. आता जे १ लिटरचं तीन सिलेंडरचं टर्बो घेऊन नाचूलालेत ते मला पटत न्हाई. तीन पायाच्या टेबलावर किती बी नक्षी केलीस तरी ते तीन पायांचंच. आयडलला स्टीअरिंग थरथरतंय, आणि त्याला 'स्पोर्टी' म्हणून जाहिरात.

दुसरं. जुन्या गाडीचा पार्ट मिळत न्हाई म्हणून गाडी विकूलालेत लोकं, हे ऐकलं की राग येतोय. बुश, पुली, माउंटिंगची प्लेट, ब्रॅकेट, सगळं उद्यमबागेत होतंय. आपल्या फाउंड्रीतनं बिडाचं कास्टिंग मोठ्या मोठ्या कंपन्यांना जातंय, आणि बेळगावचं पोरगं बुश ऑनलाइन मागवूलालंय! नमुना घेऊन या, मायक्रोमीटर लावून काढून देतो.

खानापूर_पणजी
काका, तीन सिलेंडरच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. यादीतली जीआर यारिसही तीन सिलेंडरचीच आहे आणि १.६ लिटरमधून २६० च्या वर हॉर्सपॉवर काढते. इंजिन बांधणाऱ्यावर असतं सगळं.

माझी नोकरी पणजीला, घर खानापूरला. तुम्ही रविवारी हौसेनं जाता तो चोर्ला माझा कामाचा रस्ता आहे, पावसाळा धरून. त्यामुळे मला हॉर्सपॉवरचे आकडे सांगू नका. त्या रस्त्यावर सस्पेन्शन किती खोल जातं, ब्रेक ओल्यात कसे लागतात आणि सुर्ल्याच्या वळणांवर धुक्यात गाडी कुठं आहे हे हाताला कळतं का, एवढंच बघायचं. २०५ ची ख्याती काय, तर वळणात अॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग फिरतो. ती गाडी इथं पहिल्या पावसात दरीत जाईल.

आई रात्री पडली तेव्हा फोन आला आणि मी पणजीहून निघाले. घाट सुरू झाल्यापासून कणकुंबीपर्यंत बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. २००५ ची जुनी स्विफ्ट, १.३ पेट्रोल, ८७ हॉर्सपॉवर. त्या रात्री त्या गाडीनं एकदाही दगा दिला नाही, प्रत्येक वळण तिनं मला आधी सांगितलं. तुमच्या यादीत स्विफ्टचं नाव नाही आणि पॅलिओवाले दादाही ते घेत नाहीत. माझ्यापुरती तीच पहिली.

टिळकवाडी_टर्बो
ताई, आईंची तब्येत आता बरी असेल अशी आशा. पण एका रात्रीवरून जगातली पहिली कशी ठरवायची? स्विफ्ट स्पोर्ट असती तर बोललो असतो. ती आपल्याकडे विकलीच नाही.

खानापूर_पणजी
बरी आहे. आणि एका रात्रीवरून नाही, रोजच्या रस्त्यावरून ठरवते. तू तर न चालवता ठरवतोस.

निपाणीकर_०९
पोलो दहावी ठेवणाऱ्याला आणि तिला काढू म्हणणाऱ्याला, दोघांनाही नमस्कार. १.२ टीएसआय, १०५ हॉर्सपॉवर, सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी, २०१३ ला. निपाणी ते कोल्हापूर हायवेला मागं कोण दिसतच नाही. यादीत तिसरी पाहिजे.

आणि घेणार असाल तर एमएच पासिंगची घ्या. माझी एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची आहे, कागलला मामाच्या पत्त्यावर. आपल्याकडं कर्नाटकात १० लाखांच्या वर गेलं की लाइफटाइम टॅक्स १७ टक्के, २० च्या वर १८, वर सेस. महाराष्ट्रात पेट्रोलला ११ ते १३. ११ लाखांच्या आय२० एन लाइनवर सेस सोडूनच ५५ हजारांचा फरक पडतो. तेवढ्यात चार चांगले टायर येतात आणि पैसे उरतात.

शहापूरकर_१६००
म्हणजे तू निपाणीत राहतोस, गाडी निपाणीत उभी असते आणि पत्ता कागलचा. याला काय म्हणतात ते सांगू? मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ वाच. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांवर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. आम्ही नियमानं बेळगावचा केए-२२ नंबर घेऊन १७ टक्के भरायचे आणि तू इथल्याच खड्ड्यांवर फुकट फिरायचं?

निपाणीकर_०९
फुकट? पेट्रोल इथंच भरतो. शिनोळीची, चंदगडची माणसं बेळगावला येऊन टाकी भरून जातात, कारण कर्नाटकात स्वस्त आहे. तेव्हा कुणी कलम वाचून दाखवत नाही. ज्याला जिथं परवडतं तिथं तो घेतो. आणि १७ टक्के घेऊन जांबोटीच्या पुढचा रस्ता कसा ठेवलाय ते ताईंना विचार.

चंदगडी_चालक
निपाणीकर, आमचं नाव मधे आणू नकोस. पेट्रोल भरणं गुन्हा नाही, खोटा पत्ता देणं आहे. मी खरा एमएच-०९ वाला, घर चंदगड तालुक्यात, दुकान बेळगावात. तुमच्यासारख्यांमुळे रोज नाक्यावर आम्हाला अडवतात, वीजबिल दाखवा, आधार दाखवा.

आणि ०९ ची प्लेट घेऊन बेळगावात फिरणं काय असतं ते ५५ हजारांत मोजू नकोस. डिसेंबर २०२२ ला सीमावादावरून हिरेबागेवाडी टोलजवळ एमएच गाड्यांवर दगड पडले. तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं. त्या आठवड्यात मी गाडी शिनोळीला लावून वडापच्या जीपनं दुकानात आलो. केए असो की एमएच, आत मराठीच माणूस बसलेला असतो, पण दगड मारणारा प्लेट वाचतो.

उद्यमबाग_लेथ
हे खरं हाय. माझ्या गिऱ्हाइकाची काच त्याच दिवसात फुटली, चार दिवस गाडी माझ्याच शेडमध्ये झाकून ठेवली. पोरगा रडकुंडीला आला होता.

निपाणीकर_०९
चंदगडकर, तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं. पण तो त्रास माझ्या पत्त्यामुळे झाला असं म्हणू नका. बदलून घ्यायचं म्हटलं तरी सोपं नाही. भावानं नियमानं केलं सगळं. एनओसी आणली, इथला टॅक्स भरला, तिकडचा उरलेला परत मिळावा म्हणून अर्ज केला. त्या कार्यालयाच्या खिडकीवर 'पुढच्या सोमवारी या' ऐकून ऐकून त्यानं नाद सोडला. दोन्हीकडं भरला आणि एकीकडचा बुडाला. राज्य बदललं तरी चालणारी बीएच सिरीज २०२१ ला आली तर ती सरकारी नोकर आणि चार राज्यांत ऑफिस असलेल्या कंपन्यांच्या माणसांना. सीमेवरच्या दुकानदारानं काय करायचं?

चंदगडी_चालक
हे मात्र बरोबर. त्या परताव्यापायी मी पण पोलोचं पासिंग बदलून घ्यायचं टाळलं. खोट्या पत्त्याचं तरी मी मान्य करणार नाही.

टिळकवाडी_टर्बो
धागा हॉट हॅचचा आहे. टॅक्सचं भांडण वेगळं काढा.

शहापूरकर_१६००
वेगळं कसं काढणार? टॅक्सनंच या गाड्या मारल्या. २००६ च्या अर्थसंकल्पात ठरलं: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत, डिझेल १,५०० च्या आत असेल तर एक्साइज २४ वरून १६ टक्के. त्या दिवसापासून कंपनीनं १.६ पेट्रोल छोट्या गाडीत घालायचं कशाला? ताई, तुमच्या स्विफ्टचं ते १.३ इंजिन २०१० ला काढून १.२ बसवलं, त्यामागं हेच. फियाटचीच पुंटो अबार्थ बघा: २०१५, १.४ टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क, किंमत १० लाखांच्या आत. लांबी ४ मीटरच्या आत असूनही इंजिन १.४ म्हणून जादा कर. पोलो जीटी टीएसआय टिकली कारण तिचं इंजिन ११९७ सीसी. आणि सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, १८ आणि ४० असे दोन टप्पे केले, तरी रेघ तीच! चार मीटर, बाराशे सीसी. वीस वर्षांत एकालाही ती रेघ पुसावीशी वाटली नाही.

म्हणून म्हणतो, पॅलिओला नुसत्या १०० हॉर्सपॉवरवर मोजू नको. त्या नियमाआधीची ती आपली शेवटची मोकळी गाडी.

टिळकवाडी_टर्बो
हा मुद्दा आधी लिहिला असता तर एवढी भांडाभांडी झाली नसती. बरं, अबार्थचं तुम्हीच नाव काढलंत. १४५ हॉर्सपॉवर, रांजणगावात तयार झालेली, १० लाखांत, पाच माणसं बसणारी. तुमच्या कसोटीवर पॅलिओपेक्षा ती वर जाते. दहाव्या जागी पोलोऐवजी अबार्थ ठेवतो. गोल्फ, डेल्टा आणि पुंटो, तिघींचा आकार इटालियन डिझायनर जुजारोच्या हातचा, तो धागाही जुळतो.

शहापूरकर_१६००
२००१ ला पॅलिओला जो चेहरा मिळाला तोही जुजारोचाच. ते बरं विसरलास.

निपाणीकर_०९
आणि माझी पोलो सरळ बाहेर? २०२५ ला गोल्फ जीटीआय इथं आली ती ५३ लाखांना. केए पासिंगला नुसता टॅक्स साडेनऊ लाख. शहापूरकर, 'नोकरदाराला परवडावी' ही तुमची कसोटी ना? मग पहिला नंबर काढा तिचा.

शहापूरकर_१६००
मी १९७६ ला विक्रीला आलेल्या गोल्फला नंबर दिलाय, आत्ताच्या नाही. आत्ताची परवडत नाही, ते खरं आहे. तिला मीही यादीत घेणार नाही.

टिळकवाडी, डेल्टा ठेव. पाच दारं आहेत, ते नाकारता येत नाही. पण तिसरी नको, सहावी कर. रेनो ५ टर्बो काढ आणि त्या जागी पॅलिओ १.६ घाल. अबार्थ दहावी चालेल.

टिळकवाडी_टर्बो
रेनो काढतो. पॅलिओ नववी, त्याच्या वर नाही. डेल्टा तिसऱ्यावरून हलणार नाही.

खानापूर_पणजी
आणि स्विफ्ट? रेनोची जागा रिकामी झाली तेव्हाही कुणाला आठवली नाही. दोघांपैकी ज्याला शंका असेल त्यानं जुलैत माझ्याबरोबर पहाटे पाचला खानापूरहून निघावं. पॅलिओ घेऊन या, पोलो घेऊन या. साखळीला पोचल्यावर नंबर लावू.

उद्यमबाग_लेथ
पॅलिओ न्यायची असेल तर आधी माझ्याकडं आण गा. पुढचे खालचे बुश गेलेत तिचे, गणपतीत ऐकलाय मी आवाज.