शब्दचर्चा : ‘निहित’ हक्क, ‘गौण’ खनिज आणि नोटिशीतली माती

बांधकरी

चुलत्यांना तहसील कार्यालयातून नोटीस आली आहे. शेततळं खोदलं, त्यातून निघालेली माती-मुरूम रस्त्याच्या कामावरचा ठेकेदार घेऊन गेला, त्यावरून. कायद्याचं वकील बघतील. मला विचारायचं आहे ते शब्दांचं. मजकूर साधारण असा:

‘ज्याअर्थी, आपण मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुकमधून विनापरवाना गौण खनिजाचे उत्खनन व वाहतूक केल्याचे निदर्शनास आले आहे, आणि ज्याअर्थी, उक्त खनिजावरील हक्क राज्य शासनाकडे निहित आहेत, त्याअर्थी, आपणाविरुद्ध दंडात्मक कारवाई का करण्यात येऊ नये…’ पुढे सात दिवसांत लेखी खुलासा, न दिल्यास ‘आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून’ एकतर्फी निर्णय.

चुलत्यांचा मुद्दा असा की माती गौण आहे हे सरकार स्वतःच लिहितंय, मग एवढा गाजावाजा कशाला? आणि ‘निहित’चे घरात तिघांनी तीन अर्थ लावले: ठरलेलं, राखीव, जप्त केलेलं. खरा कुठला?

जुना दप्तरी

तिघांत ‘राखीव’वाला त्यातल्या त्यात जवळ आहे. ‘ठरलेलं’ म्हणणाऱ्याने निहित आणि विहित यांची गल्लत केली. ती सगळेच करतात. ‘शासनाकडे विहित असलेली जमीन’ असं लिहिलेले ठराव माझ्या टेबलावरून पुष्कळ गेले आहेत. दोन्ही शब्द ‘धा’ या एकाच धातूचे, फक्त उपसर्ग वेगळे. वि लागला की नेमून दिलेलं: विहित नमुना, विहित मुदत, ‘विधी’ याच घरातला. नि लागला की ठेवलेलं: ‘निधी’ त्या घरातला. कायद्याच्या मराठीत हक्क ‘निहित’ असतो म्हणजे तो त्या ठायी ठेवलेला असतो, तिथेच असतो.

‘जप्त’ का नाही, ते नीट समजून घ्या, कारण चुलत्यांचा सगळा राग त्यावरच असणार. जप्तीला आधी आणि नंतर असतं. आधी तुमचं होतं, मग नेलं. निहितमध्ये ‘आधी’ नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ म्हणतं की खनिज जमिनीच्या पृष्ठभागावर असो की पोटात, त्यावरचा हक्क राज्य शासनाचा. जमीन देतानाच्या अटींत वेगळं स्पष्ट लिहिलं असेल तेवढाच अपवाद. म्हणजे शासनाचं म्हणणं ‘तुमच्याकडून घेतलं’ असं नाहीच. ‘तुमच्याकडे ते कधी आलंच नव्हतं’ असं आहे.

सातबारा काढा आणि नावाशेजारी बघा. तिथे ‘मालक’ सापडणार नाही, ‘भोगवटादार’ सापडेल. वर्ग १ असेल तर हस्तांतरणाला मोकळीक, वर्ग २ असेल तर पूर्वपरवानगी. गावात आपण ‘मालकीची जमीन’ म्हणतो. ते चुकीचं नाही, वर्ग १ ला जवळपास सगळे मालकाचेच अधिकार असतात. पण नोटीस लिहिणारा भोगवटादाराला लिहितोय.

कोर्टपायरी

दप्तरीकाका, एक जोड देतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या जमिनींच्या प्रकरणात म्हटलं होतं की एरवी जमीन ज्याची, तिच्या पोटातलं खनिजही त्याचं. कायदेशीर मार्गाने ते काढून घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे आपल्याकडच्या कलम ४८ मधला ‘निहित’ काढला तर शासनाचा दावा लंगडा पडतो. नोटिशीतला दुसरा ‘ज्याअर्थी’ उगाच आलेला नाही.

शब्दवेडी

‘गौण’बद्दल मी बोलते. शाळेत मिश्र वाक्य शिकलो ते आठवा: प्रधान वाक्य आणि गौण वाक्य. ‘पाऊस पडला तर पेरणी करू’ यातलं ‘पाऊस पडला तर’ हे गौण वाक्य. पण शेतकऱ्याला विचारा यातलं बिनमहत्त्वाचं काय! तिथे गौण म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून. खनिजातही अर्थ किमतीचा नाही, वर्गवारीचा आहे. गमतीचा भाग असा की बोलण्यात त्याच्या उलट आपण ‘प्रधान खनिज’ म्हणतो, जोडी तीच.

जुना दप्तरी

ताई, वाक्याचं उदाहरण छान दिलंत. १९५७ चा खाणी आणि खनिजांचा केंद्रीय कायदा फक्त गौण खनिजाची व्याख्या करतो, प्रधान खनिजाची करतच नाही. गौणमध्ये जे नाही ते उरलेलं. इमारतीचे दगड, रेवा, साधी चिकणमाती, साधी वाळू (विहित प्रयोजनासाठी वापरायची वाळू सोडून, बघा, इथे विहित बरोबर जागी आलाय), शिवाय केंद्र सरकार अधिसूचनेने घालेल ते. गौणचे नियम राज्याने करायचे, हे कलम १५. तेव्हा ‘गौण’ या शब्दावरून कळतं ते एवढंच, की हे खनिज राज्याच्या नियमांखाली आहे.

यादी हलतेही. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने एका दमात ३१ खनिजं गौण केली. त्यांपैकी अभ्रक, क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि बेराइट २०२५ मध्ये पुन्हा बाहेर काढली. अभ्रक होतं तिथेच होतं, चमकतही तेवढंच होतं.

आणि दंड म्हणाल तर कलम ४८ च्या पोटकलम ७ मध्ये तो बाजारमूल्याच्या पाच पटींपर्यंत जातो. पूर्वी तीन पट होता.

बांधकरी

म्हणजे गौण म्हणून सुटका नाही. पण चुलत्यांचं दुसरं म्हणणं असं, की शेततळ्यासाठी आणि बांध नीट करण्यासाठीच खोदलं. खाण थोडीच काढली?

जुना दप्तरी

बांधाची सबब कायदा लिहिणाऱ्याने आधीच हेरून ठेवली आहे. त्याच पोटकलमात जागांची जंत्री आहे: चालू खाणी, पडीक खाणी, जुने ढिगारे, शेतं, बांध, नाले, खाड्या, नदीपात्रं. आणि ‘बांध’ शब्दाशेजारी कंसात घातलंय की शेताच्या बांधाची दुरुस्ती किंवा बांधणी करण्याच्या सबबीवर असो की आणखी कुठल्या सबबीवर. कायद्याच्या कलमात इतका गावरान संशय क्वचित वाचायला मिळतो. कुणीतरी आयुष्यभर चावडीवर बसून हीच उत्तरं ऐकलेली असणार.

पण खरा शब्द पुढेच आहे, आणि तो तुमच्या नोटिशीत नाही. तो शब्द ‘प्रयोजन’.

केंद्राने ३ फेब्रुवारी २००० रोजी अधिसूचना काढून साधी माती गौण खनिजांत घातली. सरसकट नाही. बंधारे-भराव, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या बांधकामात भरणीसाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरलेली साधी माती, अशी. मग पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांना नोटिसा गेल्या: पायाचे खड्डे खणलेत, माती निघाली, दंड भरा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की माती खणली एवढ्यावरून दंड होत नाही, ती कशासाठी वापरली हे आधी ठरवावं लागेल. त्याच प्लॉटवर त्याच खड्ड्यात परत ढकललेली माती आणि रस्त्याच्या भरावात गेलेली माती दिसायला एकच. कायद्यात त्या दोन वस्तू आहेत.

तेव्हा नोटीस वाचायची ती ‘ज्याअर्थी’ मोजत. प्रत्येक ज्याअर्थी म्हणजे शासनाचं एकेक विधान, आणि खुलाशात प्रत्येकाला वेगळं उत्तर. लोक एकच लांबलचक गाऱ्हाणं लिहून देतात, त्यातून काही हाती लागत नाही. दोन ज्याअर्थींच्या मध्ये काय गाळलंय तेही बघायचं. तुमच्यात उत्खनन आहे, वाहतूक आहे, हक्क निहित आहे. माती कुठे वापरली, यावर ज्याअर्थी नाही.

आता लगेच हुरळू नका. ठेकेदाराने ती रस्त्याच्या भरावातच घातली असेल तर ती अधिसूचनेत बसते. आणि मुरमाला तर ही वाटच नाही. मुरूम नावानिशी यादीत आहे, वापराची अट न लावता. म्हणून पंचनामा मागून घ्या. त्यात माती किती ब्रास, मुरूम किती ब्रास, हे वेगळं लिहिलंय का ते पाहा. (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, शहरातल्या वाचकांसाठी.)

बांधकरी

पंचनामा मिळाला. ‘माती/मुरूम’ अशी मधे तिरकी रेघ, आणि आकडा एकच.

जुना दप्तरी

मग खुलाशाचा पहिला परिच्छेद त्या रेघेवर लिहा. ती ‘व’ आहे की ‘किंवा’ हे त्यांना सांगू द्या.

वैनगंगाकाठ

तुम्ही तिकडचे लोक ‘वाळू’ म्हणता, आमच्या नोटिशीत ‘रेती’ असते. तुमचा ‘वाळू गट’, आमचा ‘रेतीघाट’. खाणीला आम्ही खदान म्हणतो. पण नुसता बोलीचा फरक नाही, आमच्या दप्तरात शब्दच वेगळे आहेत. निस्तार पत्रक पाहिलंय का कुणी? गावकऱ्याने गुरं कुठे चारायची, सरपण कुठून आणायचं, आणि मुरूम, कंकर, रेती, माती, दगड घरच्या गरजेपुरते कोणत्या अटींवर घ्यायचे, हे त्यात येतं. जुन्या मध्य प्रांताच्या कायद्यातून आलेली ही तरतूद १९६६ च्या संहितेतही राहिली, कलम १६१ आणि १६२. वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावातल्या रूढ हक्क-वहिवाटींची नोंद, त्याच्या पुढे, कलम १६५. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ‘निस्तार’ शब्द तोंडपाठ, नव्या कर्मचाऱ्यांना तो गुगलावा लागतो.

दुसरा आमचा शब्द ‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांबाहेर बहुतेकांनी ऐकलेलाही नसेल. महसुली नोंदीत तो जमिनीचा प्रकार होता: खुरटी झुडपं, हलकी जमीन, गुरं चरायला. त्यावर शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, वस्त्या झाल्या. भांडण पुन्हा शब्दाचंच: ‘झुडपी’वर जोर द्यायचा की ‘जंगल’वर? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलावर दिला. या जमिनी वनजमिनीच समजायच्या. आता तिथे बिगरवन वापराची नोटीस आली की विशेषण वाचून चालत नाही.

कोर्टपायरी

विषय निघालाच आहे तर ‘स्वामित्वधन’. बोलताना कुणी म्हणत नाही, सगळे ‘रॉयल्टी भरली’ म्हणतात. पण शब्द चोख आहे: स्वामी असल्याबद्दल मिळणारं धन. खनिज ज्याचं, त्याला ते उचलण्याबद्दल दिलेला मोबदला. हा कर आहे की नाही यावर अनेक वर्षं वाद चालला. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की स्वामित्वधन हा कर नाही. मराठी शब्द करणाऱ्याने ‘खनिजकर’ केला असता तर आज पंचाईत होती.

शब्दवेडी

माझा जुना राग ‘सूचना’ या शब्दावर. विकास आराखड्यात शेती विभागातली जमीन रहिवास विभागात घ्यायची असली की वर्तमानपत्रात बारीक टाइपात येतं: ‘हरकती व सूचना मागविण्याबाबत सूचना’. पहिली सूचना म्हणजे तुम्ही सुचवायचं, दुसरी म्हणजे ते कळवणार. आणि पान उलटलं की ‘अधिसूचना’. सामान्य माणूस तिथेच पेपर मिटतो. दुसऱ्या जागी ‘नोटीस’ लिहायला काय हरकत आहे? तो शब्द आता कुणालाच परका नाही.

हरकतीचाही प्रवास बघा. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. गाणाऱ्याची हरकत अजून तीच आहे, सुरांची हालचाल. हिंदीत ती आगळीक झाली. आपल्याकडे मात्र ती दुसऱ्याची हालचाल थांबवते. ‘ना हरकत दाखला’ म्हणजे अरबी कानाला ‘हलू नका’चा दाखला.

जुना दप्तरी

‘नोटीस’ला माझा पाठिंबा. फक्त अधिसूचनेला हात लावू नका. नोटीस तुम्हाला कळवते, अधिसूचना राजपत्रात छापून येते आणि तिच्याने कायदेशीर परिणाम घडतो. शासन निर्णय आणि परिपत्रक आणखी वेगळे. जमिनीचा झोन बदलण्याच्या नोटिशीत ‘एक महिन्याच्या आत’ असतं, तो महिना कुठल्या तारखेपासून मोजायचा हे त्याच वाक्यात शोधायचं. लोक वर्तमानपत्र हातात पडलं त्या दिवसापासून मोजतात.

बांधकरी

शेवटचं एक. चुलते म्हणतात, निकाल विरुद्ध गेला तर प्रांताकडे अपील करू. वकील म्हणतात, उपविभागीय अधिकाऱ्याकडे. आणि आजोबांच्या ट्रंकेत १९४० च्या सुमाराचा एक कागद आहे, त्यात ‘प्रांतिक सरकारच्या हुकुमावरून’ असं आहे. तेही प्रांतच का?

जुना दप्तरी

चुलते आणि वकील एकाच माणसाबद्दल बोलताहेत. मुंबई इलाख्याच्या महसुली भाषेत जिल्ह्याचा पोटविभाग म्हणजे प्रांत, आणि त्याचा अधिकारीही नुसता ‘प्रांत’. पाटी बदलली, तोंडातला शब्द नाही बदलला. तहसीलदाराच्या आदेशावर पहिलं अपील तिथे, साठ दिवसांत.

ट्रंकेतला ‘प्रांतिक’ वेगळा. १९३५ च्या कायद्याने इलाख्याच्या सरकारला दिलेलं ते नाव, म्हणजे अख्खं मुंबई सरकार. १९५० मध्ये राज्यघटना आली आणि प्रांतांची राज्यं झाली, तेव्हा तो शब्द कागदावरून गेला. तो कागद मात्र वकिलांना दाखवा. जमीन देताना खनिजाबद्दल काही अट लिहिली असेल, तर कलम ४८ मधला अपवाद तिथेच सापडेल. ‘दगड-खाणी खेरीज करून’ असे शब्द आहेत का, तेवढं आधी बघा; असतील तर खनिज शासनाकडेच राहिलं.