'स्ट्रिंगर' हा शब्द आता टाकून द्यावा का?

तालुक्याचा बातमीदार
परवा पत्रकारिता शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, "काका, स्ट्रिंगर म्हणजे नक्की कोण?" म्हणजे पगारावर न घेता, बातम्यांपुरतं मानधन देऊन ठेवलेला बातमीदार. छापून आलेला मजकूर दोऱ्याने, म्हणजे स्ट्रिंगने, मोजून पैसे द्यायचे, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. तेवढं सांगून मी गप्प बसलो. अठरा वर्षं मी हेच काम करतोय. पुराच्या रात्री मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुलाच्या तोंडाशी उभा होतो. साडेदहाला डेस्कचा, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या संपादित करणाऱ्यांचा, फोन आला : "पाणी कुठवर आलंय? फोटो आडवा पाठवा." सकाळी बातमीवर नाव नाही, नुसतं 'वार्ताहर'. मानधन पेट्रोललाही पुरत नाही, वर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातींचं टार्गेट. ज्या सरपंचाकडून शुभेच्छांची जाहिरात आणायची, त्याच्याच टँकरच्या बिलांची बातमी कशी द्यायची? मला बातमीदार म्हणा.

डेस्कवरची
दादा, तुमचा राग पटतो, उपाय नाही पटत. स्ट्रिंगर म्हटलं की निदान कळतं तरी, की हा माणूस पगारपत्रकावर नाही. उद्या सगळ्यांना प्रतिनिधी म्हटलं तर मालकांना बरंच होईल, एक पैसाही वाढवावा लागणार नाही. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकारिता हाच मुख्य व्यवसाय असणं आणि वृत्तपत्राने नोकरीवर ठेवलेलं असणं, या दोन्ही अटी होत्या. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली उचलून धरल्या, तेव्हाही नेमणूकपत्र नसलेल्यांच्या हाती काय लागलं? भांडायचं तर त्या कागदासाठी भांडा.

गावाकडचा वाचक
दुसरी बाजूही बघा. आमच्याकडचा एक स्ट्रिंगर खताचं दुकान चालवतो, तीन पेपरांना एकच बातमी पाठवतो आणि गाडीवर 'प्रेस' लिहून तहसीलमध्ये वट दाखवतो. त्यालाही बातमीदार म्हणायचं?

तालुक्याचा बातमीदार
असे आहेत, नाकारत नाही. पण दुकान असल्याशिवाय या मानधनात घर चालेल कसं, तेही सांगा. आणि ताई, कागदाचं म्हणाल तर ऑफिसचा एकच कागद माझ्याकडे आहे, जाहिरात कमिशनचा करार. चार पानं आहेत. त्यात 'बातमी' हा शब्द कुठेच नाही.