घोडीचा एक खूर उभा आहे, नाल कशी मारायची? (शिंगराचं पण विचारायचंय)

करवीर_रायडर
मंडळी, घोडी पाळणारी माणसं इथं हायत म्हणून विचारतोय. उचगाव साइडला आमचा छोटा तबेला हाय. अकलूजच्या बाजारातनं आणलेली मारवाडी क्रॉस घोडी, वय साधारण सहा, कुमेद म्हणजे तांबूस-तपकिरी, दिसायला लई भारी. पण तिचा पुढचा उजवा खूर पहिल्यापासनं उभा हाय, टाच उंच, पुढची भिंत मधी खोलगट, आणि डावा त्याच्या एकदम उलट, पसरट आणि पुढं लांब. डॉक्टर क्लब फूट म्हणाले. लंगडत न्हाई, पण डांबरीवर चालवली की उजवं पाऊल आखूड टाकते आणि मधीच ठेचकाळते. आमचा नालबंद म्हणतोय टाच एका दमात उतरवू, दोन्ही खूर सारखे करू, नाल ठोकू, विषय संपला. मला जरा भीती वाटतेय म्हणून त्याला थांबवलंय.
दुसरं म्हणजे तिचं शिंगरू पाच महिन्याचं हाय, जन्मलं तेव्हा पाय सरळ होते, आता त्याचाही उजवा खूर उभा दिसायला लागलाय. त्याला आत्ताच नाल मारली तर सरळ होईल का?

पागावाला_कागल
थांबवलंस ते बरं केलंस भावा. टाच उंच हाय कारण वरनं पायाच्या मागची शीर (रक्ताची न्हवं, स्नायू हाडाला जोडणारी दोरी, टेंडन) आखडलेली हाय, खुराच्या आतलं हाड ती मागं ओढून धरतेय. टाच खालनं कापली म्हणून शीर काय लांब होत न्हाई. एका दमात उतरवलीस तर टाच जमिनीला टेकायचीच न्हाई आणि सगळा ताण खुराच्या पुढच्या भिंतीवर, ती आतनं सुटायला लागते, मग पू होतो, मग खरी लंगडते.
आणि दोन्ही खूर सारखे दिसले पाहिजेत हे डोक्यातनं काढ. ते दोन वेगळे पाय हायत, दोन वेगळे खूर म्हणूनच ट्रिम करायचे. आपल्याकडं बाजारात लोक गोम, देवमण असले केसांचे शुभ-अशुभ भोवरे बघतात, पंचकल्याण (चार पाय आणि तोंड पांढरं) हाय का बघतात, पण खूर उचलून कोण बघतंय.

बिनधास्त_७७
विकून टाक. असल्या पायाची घोडी नेहमी खर्चातच घालती.

डॉ_टाप
विकायची काही गरज नाही, सौम्य क्लब फूटची घोडी नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं काम करतात. मी पशुवैद्यक आहे, घोडी प्रत्यक्ष बघितलेली नाही एवढं धरून वाचा.
पुढच्या खुराचा जमिनीशी कोन साधारण ५० ते ५५ अंश असतो, ६० च्या वर गेला की आम्ही क्लब फूट म्हणतो. तुम्ही भिंत खोलगट आहे म्हणताय, म्हणजे हे जुनं आहे आणि अगदी सौम्य पण नाही. आधी बाजूने एक्स-रे काढा. आतलं हाड किती कललंय, पुढे तळवा किती जाड उरलाय, हाडाचं टोक झिजलंय का, हे बाहेरून कळत नाही आणि त्याशिवाय टाच किती काढायची हा नुसता अंदाजपंचे कारभार. पोर्टेबल मशीनवाला मिळाला तर तबेल्यातच होतं, नाहीतर शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला घेऊन जा.
ट्रिम दर चार-पाच आठवड्यांनी, थोडं थोडं, आणि फक्त टाचेकडून. पुढचा तळवा आणि खालचा मधला मऊ त्रिकोण अजिबात कोरायचा नाही, पुढे आधीच पातळ असतं. टाच काढल्यावर घोडी सपाट फरशीवर उभी करा, टाचेखाली फट दिसली तर जास्त निघालीय, मग तेवढी उंची पाचर देऊन परत द्यायची.
पण खरं सांगू का, मला घोडीपेक्षा शिंगराची काळजी जास्त वाटतेय. घोडीचं आता सांभाळणं आहे, शिंगराचं अजून सुधारू शकतं आणि त्याला वेळ कमी आहे. खायला काय देताय?

करवीर_रायडर
डॉक्टर, खायला कमी पडू देत न्हाई. भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, वर काकवी, आणि वैरणीला उसाचं वाडं (हिरवे शेंडे), आपल्याकडं तेच स्वस्त. आईबरोबर शिंगरू पण खातंय आणि दूध चालूच हाय. लई झपाट्यानं वाढलंय, बघणारे म्हणतात काय जनावर हाय.

डॉ_टाप
तिथेच गडबड आहे. जास्त खुराकावर हाड भराभर वाढतं, मागची शीर आणि तिचा आधाराचा बंध त्या वेगाने वाढत नाही, मग खूर उभा होतो. साधारण पहिल्या सहा महिन्यांतच हे दिसतं. आईचाही तोच पाय आहे म्हणजे रक्तातलंही काही असू शकतं, पण ते आपल्या हातात नाही, खाणं आहे. हरभरा आणि काकवी शिंगराला बंद करा. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी, त्यात वाड्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं, म्हणजे दोन्हीकडून मार. चांगलं वाळलं गवत, थोडा लसूणघास आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मिनरल मिक्स्चर एवढं पुरे. दूध तोडायचं वय झालंच आहे. खाणं कमी म्हणजे उपाशी नव्हे हां.
नाल आत्ता नको. टाच दर दोनेक आठवड्यांनी कानशीने थोडी घासायची, मऊ जमिनीवर बेताने फिरवायचं, पुढचं टोक झिजत असेल तर त्यावर टोपी बसवता येते. दुखत असेल तर आधी दुखणं थांबवायला हवं, कारण दुखणारा पाय जनावर टेकवत नाही आणि शीर अजून आखडते. एवढ्याने महिन्या-दीड महिन्यात फरक नाही पडला तर शिरेचा तो आधाराचा बंध कापायचं ऑपरेशन असतं. ते वर्षाच्या आत केलं तर चांगलं, जितकं लवकर तितकं बरं. खुराची पुढची भिंत उभ्या रेषेच्या पुढे झुकली, म्हणजे ९० अंशांच्या पलीकडे गेली, तर मग फार काही हातात राहत नाही. म्हणून म्हणतोय, लग्नाचा सीझन संपल्यावर बघू असं करू नका.

ठोकाठोकी
आमच्या घरात नालबंदीच हाय तर घोडीच्या नालेचं मी सांगतो. उभ्या खुराला नाल पुढं वाढवून ठेवायची न्हाई, उलट पुढचं टोक ऐरणीवर ठोकून वर वळवायचं, म्हणजे पाऊल उचलताना खूर लवकर कलंडतो आणि मागची शीर कमी ताणती, ठेचकाळणं पण कमी होतंय. टाचेकडं नाल टाचेच्या शेवटापर्यंत पोचली पायजे. खिळं फक्त पुढच्या निम्म्यात, खूर जिथं सगळ्यात रुंद हाय त्याच्या पुढंच, मागं खिळा मारला की टाच जखडती आणि अगोदरच अरुंद असलेला खूर अजून आवळतो. डॉक्टरनी पाचर सांगितली तर चामड्याची नायतर प्लास्टिकची मिळती, न्हाई मिळाली तर नालेच्या दोन्ही टोकांना पट्टी वेल्डिंग करून आम्ही करतोय. डाव्या पायाचं उलटं, तिथं लांब गेलेलं टोक मागं आणायचं आणि टाच राखायची, लोक उजव्याच्या नादात डावा विसरतात आणि मग डावाच आधी जातो. खूर महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, पुढची भिंत वरनं खालपर्यंत नवी यायला वर्ष लागतंय, त्यामुळं एका नालेत फरक मागू नका. नालबंदाला पण त्याच बोलीवर ठरवा, फोन करंल तेव्हा नको, तारीख बांधूनच यायचं.

पागावाला_कागल
वरातीचं मी सांगतो कारण ते कोण बोलत न्हाई. डांबरीवर डीजेपुढं दोन-दोन तास नाचवणं ह्या पायाला जमायचं न्हाई, खुराच्या टोकावर आपटून आपटून हाड दुखायला लागतं. सुपारी घेतली असशील तर दुसरी घोडी लाव. रायडिंग चालंल, पण खोगीर एका बाजूला सरकतंय का बघ, उभ्या पायाकडचा खांदा बारीक असतो. आणि पावसाळ्यात टाचेकडच्या खोल चिरेत चिखल साठून सडतंय, रोज खरवडून कोरडं करायचं, वास यायला लागला तर मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) हलकं पाणी.

करवीर_रायडर
सुपारी घेतलीय खरी, सांगतो त्यांना. शिंगराचं काकवी-हरभरा आजपासनं बंद. डॉक्टर एकच, एक्स-रे टाच उतरवायच्या आधी काढायचा का नंतर?

डॉ_टाप
आधी. जमलं तर नंतर पण एक. नालबंदाला त्या वेळी सोबत ठेवा, फिल्म त्याने स्वतः बघितली की किती काढायचं यावर वाद होत नाही. आणि शिंगराचा पण त्याच फेरीत काढून घ्या.