टीम सांभाळायला कोच कशाला? मकरपुऱ्यातून एक प्रश्न

ऑफसेट_बडोदा

चार महिन्यांपूर्वी मला प्रॉडक्शन मॅनेजर केलं. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतला (जीआयडीसी) मध्यम आकाराचा मशीन शॉप, दोन पाळ्या, हाताखाली ३६ माणसं. त्याआधी सतरा वर्षं याच शॉपमध्ये, सुरुवात सेटर (मशीन लावून देणारा) म्हणून. कंपनीने लगेच माझ्यासाठी लीडरशिप कोच लावला. सहा महिने, बारा बैठका. बायको म्हणाली, "दहावीला शिकवणी लावायची राहिली होती का?" आईला वाटलं माझी नोकरी गेलीच.

मीही पहिल्या दोन बैठकांना हाताची घडी घालूनच बसलो. तिसऱ्या वेळी कोच बाई म्हणाल्या, तुमची सोमवारची मीटिंग बघू द्या. कोपऱ्यात बसून वहीत रेघा ओढत होत्या. नंतर वही माझ्यापुढे सरकवली. ४० मिनिटांपैकी ३१ मिनिटं मी बोललो होतो. तेरा प्रश्न विचारले आणि त्यातल्या अकरांची उत्तरं मीच देऊन टाकली. बाई यावर एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात एका हाउसिंगचे (एक सुटा भाग) चौदा नग भंगारात गेले. सकाळी बोअर (आतलं भोक) कमी येत होता, इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजलेला, म्हणून मी स्वतः ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, वाढवून दिला. दुपारी सेटरने इन्सर्ट बदलला, ऑफसेट मात्र तसाच. बोअर मोठा, नो-गो गेज (जे आत जायलाच नको ते माप) सरळ आत. इतका जुना माणूस, त्याला हे कळत नव्हतं? विचारलं तर म्हणाला, "तुम्ही टाकलेला ऑफसेट होता साहेब. मी कसा हात लावू?"

रेघांची वही आणि हे वाक्य, दोन्ही एकाच आठवड्यात. मला तरी कोच पटायला लागलाय. तुमचं काय मत?

जुना_फोरमन

मत कडू आहे, चालेल ना? चौदा नग गेल्यावर सेटरने जे सांगितलं तेच खरं शिक्षण, आणि ते फुकट होतं. आमच्या वेळी नवा चार्जहँड (फोरमनच्या हाताखालचा मुकादम) जास्त बोलायला लागला की फोरमन त्याला गेटबाहेरच्या चहाच्या लारीवर न्यायचा. दोन कटिंग. "भाई, तुझा आवाज मशीनपेक्षा मोठा होतोय." संपलं. त्याला बारा बैठका लागत नव्हत्या.

आणि हे कोच येतात कुठून? वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, साधा बॉयलर चालवायलासुद्धा सर्टिफिकेट लागतं. कोचला कायद्याने काहीच लागत नाही. कार्ड छापलं की झाला कोच.

एचआर_मधली_एक

काका, कायद्याचं बरोबर आहे. म्हणून तर निवडताना विचारावं लागतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला साठ तासांचं प्रशिक्षण आणि शंभर तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, दुसऱ्या पायरीला पाचशे तास. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस चांगलाच निघेल असं नाही, पण निदान कार्ड छापणारे गळतात.

लारीवाला फोरमन मात्र आता आहे कुठे? तो निवृत्त झाला, म्हणजे तुम्हीच! त्याच्या जागी कुणी आलं नाही. मॅनेजरच्या खालचे घाबरून बोलत नाहीत आणि वरच्यांना फक्त डिस्पॅचचा आकडा हवा असतो.

एक गोष्ट मूळ प्रश्नकर्त्यासाठी, कारण ही चूक फार ठिकाणी होते. कोचिंगमध्ये तीन बाजू असतात: पैसे देणारी कंपनी, कोच आणि तुम्ही. बैठकीत काय बोललात ते कंपनीला जाणार का, हे पहिल्याच दिवशी कागदावर ठरायला हवं. उद्दिष्ट कंपनीला कळावं, बोलणं कळू नये. मी एका ठिकाणी असताना कोचचे रिपोर्ट थेट डायरेक्टरकडे जायचे. ज्याच्यासाठी कोच लावला त्याला घालवायचंच होतं, कोच फक्त फाइल जाड करायला होता. तेव्हा तुमचं काय ठरलंय ते आधी बघा.

रावपुराकर

बडोद्यात बसून शिकवणीची लाज? कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळला १८७५ मध्ये दत्तक घेऊन सयाजीराव केलं, आणि लगेच इलियट साहेबांना शिकवायला नेमलं. १८८१ च्या डिसेंबरात पूर्ण अधिकार हाती आले. त्याआधी दिवाण टी. माधवरावांनी राज्य कसं चालवायचं यावर त्यांना व्याख्यानांची मालिकाच दिली. महाराजांना चाललं ते मॅनेजरला का नको?

आणि मुळात कोच हा शब्द आपल्याला क्रिकेटमुळे माहीत. १९९९ मध्ये कोटलावर कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा बळी घेतले, तेव्हा भारताचे कोच आपले अंशुमन गायकवाड होते. चेंडू त्यांनी टाकला नव्हता.

जुना_फोरमन

नव्हता टाकला. पण ते चाळीस कसोट्या खेळलेले होते. या बाई कधी लेथवर उभ्या राहिल्यात?

रावपुराकर

बिल कॅम्पबेल बघा. कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचा कोच होता, इंजिनिअर नव्हे. स्टीव्ह जॉब्स आणि गूगलचा एरिक श्मिट, दोघंही त्याच्याकडे मन मोकळं करायचे.

कोरडा_हिशेब

अर्धीच गोष्ट सांगताय. तोच कॅम्पबेल इन्टुइटचा सीईओ होता, कंपनी चालवून झालेला माणूस. आणि माधवराव बडोद्याला येण्याआधी त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आले होते. महाराजांना ते सांगत होते, हे करा, हे करू नका. आजचा कोच तर सल्ला द्यायचा नाही असं व्रत घेऊनच येतो. ध्येय काय, सध्या कुठे आहात, पर्याय कोणते, करणार काय, हे चार प्रश्न फिरवून फिरवून. त्याला माधवरावांच्या पंगतीला बसवू नका.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. फीडबॅक दिला की माणूस सुधारतो, हे सगळे धरूनच चालतात. १९९६ मध्ये क्लूगर आणि डिनिसी यांनी फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. विशेषतः जेव्हा लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे जातं तेव्हा. आता चार महिन्यांच्या मॅनेजरच्या हातात ३६० अंशांचा रिपोर्ट (वरचे, बरोबरचे, खालचे सगळे त्याच्याबद्दल लिहितात तो) द्या, त्यात "ऐकून घेत नाही" असं निनावी लिहिलेलं. तो महिनाभर कुणी लिहिलं तेच शोधत बसणार.

शिवाय या चौदा नगांत स्वभावाचा भाग किती आणि पद्धतीचा किती? इन्सर्ट बदलला की पहिला नग मोजल्याशिवाय मशीनची सायकल चालू करायची नाही, एवढा नियम पाळला असता तर एकच नग गेला असता. हा नियम लिहिलेला तक्ता लावायचा खर्च किती आणि बारा बैठकांचा किती?

दुसरी_पाळी

मी खालच्या बाजूने लिहितो. मी ऑपरेटर आहे, कंपनी दुसरी. आमच्या साहेबांना गेल्या वर्षी कोच लावला होता. दोन महिने साहेब एकच वाक्य बोलायचे, "तुला काय वाटतं?" रात्री दोन वाजता स्पिंडलला कर्रकर्र आवाज यायला लागला म्हणून फोन केला, तर झोपेतच, "तुला काय वाटतं?" मला वाटतं मेंटेनन्सवाल्याला उठवा, साहेब!

हसायचं ते हसून घ्या. पण तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट झाली. एक जॉब आम्ही फिक्स्चरमध्ये (जॉब धरून ठेवणारं साधन) वर्षभर उलट्या बाजूने पकडत होतो, सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघत गप्प उभे राहिले. बराच वेळ. शेवटी आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा म्हणाला, फिक्स्चर बदला. बदललं. पुढे कोच संपला आणि चार-सहा महिन्यांत साहेब परत पूर्वीसारखे. फिक्स्चर मात्र नवंच आहे.

एचआर_मधली_एक

कोरडा_हिशेब, तक्त्याचं मान्य, तो उद्याच लागायला हवा. पण तक्ता लावूनही साहेबाच्या ऑफसेटला हात लावायची भीती जात नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलांतल्या टीम तपासल्या, तर ज्या टीमचं आपापसात चांगलं जमतं तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. त्यांनी याचा अर्थ असा लावला की तिथली माणसं चूक लपवत नव्हती. तुमच्या शॉपमध्ये चौदावा नग होईपर्यंत कुणी बोललं नाही, हे तक्त्यावर कुठे दिसणार?

कोरडा_हिशेब

पहिला नग मोजला असता तर कुणी बोलायची गरजच पडली नसती. मी इथेच थांबतो, सेवउसळ गार होतेय.

ऑफसेट_बडोदा

सगळ्यांचं वाचलं. एचआरवाल्या ताईंचं ऐकून कंपनीचा कागद काढला. बैठकीतलं बोलणं बाहेर जाणार नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. उद्या आधी ते लिहून घेतो, मगच सातवी बैठक.

पहिल्या नगाचा तक्ता लावला. मी लिहायला बसलो होतो, मग सेटरलाच दिला. त्याने एक ओळ जास्तीची घातली: "इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट तपासा, कुणीही टाकलेला असला तरी." 'कुणीही' खाली रेघ मारली आहे, लाल पेनाने. काका, संध्याकाळी त्याला लारीवर घेऊन गेलो होतो. कटिंगचे पैसे त्यानेच दिले, मला देऊ दिले नाहीत.